कमल आणि कमळ

गटाच्या बैठकीचं इतिवृत्त, हप्त्यांची यादी, निरोप, सगळं हल्ली मोबाइलवर लिहावं लागतं. म्हणून आज बोलूया कीबोर्डबद्दल.

कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर वरच्या ओळीत क्यू, डब्ल्यू, ई, आर असा विचित्र क्रम दिसतो. तो आला जुन्या टाइपरायटरवरून. अमेरिकेत मिलवॉकी शहरात ख्रिस्तोफर शोल्स यांनी ते यंत्र घडवलं आणि १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणलं. ही कंपनी बंदुका बनवायची, शिवणयंत्रंही बनवायची. त्यामुळे सुरुवातीचा टाइपरायटर शिलाई मशीनसारख्या स्टँडवर बसवलेला, अंगावर रंगीत फुलं, आणि ओळ संपली की पायाने पॅडल दाबायचं! आपल्या शिवणवर्गातल्या बायांना तो पटकन जमला असता. फक्त इंग्रजीतली मोठी अक्षरं उमटायची, तीही लगेच दिसायची नाहीत. १८७८ च्या यंत्रात शिफ्टची कळ आली आणि एका कळीवर दोन अक्षरं मावली. क्रम असाच का लावला, यावर जाणकारांचं आजही एकमत नाही. यंत्र गेलं, क्रम मात्र राहिला.

तो इंग्रजीसाठी होता. आपल्याला काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं लागतात. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये आपल्या लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ नावाची मांडणी ठरवली. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क च्या कळीवर शिफ्ट धरला की ख, ग वर घ, ल वर ळ. बाराखडी येते तिचं अर्धं शिकणं झालेलंच असतं.

तरी आपण पुष्कळ जणी इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहितो. घरच्या गप्पांना चालेल, हिशेबाला नाही. गटात एक कमल असेल आणि एक कमळ, तर इंग्रजीत दोघींचं नाव सारखंच दिसणार. मग हप्ता कुणी भरला आणि थकबाकी कुणाच्या नावावर पडली? शंभर रुपयांवरूनही गटात बोलणं बंद होतं, तुम्हाला ठाऊक आहे.

मोबाइलच्या सेटिंगमध्ये कीबोर्डची भाषा मराठी निवडता येते. तिथे इन्स्क्रिप्टच असेल असं नाही, पण अक्षरं आपली असतात. बऱ्याच फोनवर माइकचं चिन्हही असतं, ते दाबून बोललं की लिहिलं जातं. मात्र नावं आणि आकडे वाचून मगच पाठवा. आणि पुढच्या बैठकीआधी तेवढा ळ कुठे आहे, ते शोधून ठेवा.