श्रोत्यांची मोजदाद आणि अनोळखी ध्वनि

कोणता कार्यक्रम किती घरांत ऐकला जातो, हा प्रश्न नभोवाणीइतकाच जुना आहे. अमेरिकेंतील एल्डर व वुड्रफ या अध्यापकांनीं त्यासाठीं एक यंत्र सिद्ध केलें. १९३६ सालीं आर्थर नील्सन यांनीं तें विकत घेतलें आणि १९४२ पासून त्यावरून राष्ट्रीय गणना सुरू केली. ग्राहकयंत्राचा कांटा कोठें आहे, एवढेंच तें टिपी. स्थानक कळलें कीं काम भागे.

इंटरनेटवरून वाहत येणाऱ्या ध्वनीला असा कांटा नाहीं. म्हणून आजचें मोजणीयंत्र प्रत्यक्ष ध्वनीच ऐकतें, त्यांतील ठळक कंपनांचा एक लहानसा ठसा बनवितें आणि संग्रहांतील ज्ञात ठशांशीं ताडून पाहतें. ठसा जुळला, कीं कार्यक्रमाचें नांव मिळालें.

पण तो न जुळला तर? टाकून देणें सोपें. परंतु अन्याय तेथेंच होतो. संग्रहांत मोठ्या संस्थांचे कार्यक्रम सहज पोंचतात. कोंकणी किंवा अहिराणींतील एखाद्या लहान प्रक्षेपणाचे श्रोते मात्र शून्य ठरूं शकतात, आणि जाहिरातीचा पैसा तर आंकड्यांमागेंच धांवतो.

यावर उपाय असा कीं, अनोळखी ठसे राखून ठेवावे व एकमेकांशीं ताडावे. एकच ठसा अनेक घरांत आढळला, तर तें कांहीं सामायिक प्रक्षेपण असलें पाहिजे. मग माणसानें त्याचें नांव शोधावें. एकाच घरांत आढळलेला ठसा कदाचित् खासगी संभाषणाचाहि असेल. त्याच्या मागें लागूं नये.

मोजणाराचें इमान ओळखलेल्यांपेक्षां न ओळखलेल्यांच्या बाबतींतच पारखलें जातें.