दांडीचे बूट अर्ध्यावर सोडू नका

बाळाचे जन्मतः आत वळलेले पाऊल प्लास्टरने सरळ होते, हे नांदेड-लातूरकडच्या बऱ्याच घरांना आता ठाऊक आहे. दर आठवड्याला पाऊल हळूहळू वळवून मांडीपर्यंत प्लास्टर, असे पाच-सहा वेळा. मग बहुतेक बाळांत टाचेमागची शीर छोट्याशा छेदाने मोकळी करून शेवटचे प्लास्टर तीन आठवडे. अमेरिकेतील आयोवाच्या डॉ. पोनसेटींची ही पद्धत. त्यांच्या रुग्णांची मोठेपणी, सरासरी चौतिसाव्या वर्षी, तपासणी झाली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत शंभरात ७८ जणांचे पाय चांगले किंवा उत्तम ठरले. जन्मतः दोष नसलेल्यांतही हे प्रमाण ८५ होते. पण हे यश एकट्या प्लास्टरचे नव्हे. त्यानंतर दांडीचे बूट, म्हणजे एका दांडीने जोडलेले दोन बूट, असतात, आणि आपली माणसे हरतात ती तिथे.

स्लॅब दुसऱ्या दिवशी घट्ट दिसतो, म्हणून कुणी सेंट्रिंग काढतो का? फळ्यांचे भाडे चढते, तरी गवंडी हो म्हणेपर्यंत घरमालक थांबतो. मग सरळ दिसणाऱ्या पावलाचा आधार आपण दोन महिन्यांत का काढतो? स्लॅबला काही आठवडे पुरतात. पाऊल मात्र वाढते, आणि त्याला आत ओढणारा ताण पहिल्या काही वर्षांत पुन्हा जोर धरतो. म्हणून तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर बाळ चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत बूट हवेतच. आई म्हणते, बाळ रडते. पहिले काही दिवस रडेल; टाच घासली असेल तर दाखवा, पण बूट फेकू नका. आजी विचारते, एकच पाऊल वाकडे, मग दोन्ही पायांत कशाला? दांडीला दुसऱ्या पायाचा आधार मिळाला, तरच वाकडे पाऊल बाहेर वळलेले राहते. चालायला उशीर होईल ही भीतीही नको. तीन महिन्यांनंतर दिवसा जागेपणी पाय मोकळेच असतात. आणि ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, हे त्या आईला कृपा करून ऐकवू नका.

दवाखान्याच्या फेऱ्यांत रोजगार बुडतो, ही अडचण मात्र खरी. तिच्यावर बोलायला आज वेळ उरलेला नाही, एवढेच सांगतो: मुखेड, कंधार, जळकोटकडून ऊसतोडीला निघणाऱ्यांनो, निघण्याआधी बाळाचे बूट डॉक्टरांना दाखवा, लहान होत असतील तर पुढचे माप मागून घ्या, आणि कोपीवरही रोज रात्री ते बाळाच्या पायांत घाला.