न उघडणारी चित्रफीत
(ग्रामपंचायत अधिकारी, सदस्य व शिक्षक यांच्यासमोरील भाषण)

श्रोतेहो, चावडीजवळच्या कॅमेऱ्याने टिपलेले चोरीचे दृश्य पेनड्राइव्हवर घ्यावे, तो ग्रामपंचायतीच्या संगणकाला जोडावा आणि पडद्यावर ‘ही फाइल उघडता येत नाही’ एवढेच उत्तर यावे, हा अनुभव आता नवा राहिलेला नाही. फाइल बिघडली असे समजून ती पुसूनही टाकली जाते. वास्तविक पुष्कळदा फाइल सुस्थितीत असते. ती वाचण्याचे साधन तेवढे त्या संगणकात नसते.

फाइलीच्या नावाअखेरची एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही ही अक्षरे म्हणजे डब्याची नावे होत. डब्यातील चित्र आणि ध्वनी ज्या पद्धतीने दाबून भरलेले असतात, तिला कोडेक म्हणतात. २००३ साली प्रमाणित झालेली एच.२६४ ही पद्धत बहुतेक सर्वत्र चालते. २०१३ ची एच.२६५ जागा कमी घेते, परंतु अनेक जुन्या संगणकांना ती उमगत नाही. त्यामुळेच दोन एमपी४ फायलींपैकी एक सुरळीत चालते, तर दुसरीचा नुसता आवाज ऐकू येतो. डब्यावरची चिठ्ठी बदलून मिठाची साखर होत नाही, तसेच नावाची अक्षरे बदलून फाइलीचे रूपांतर होत नाही.

फसवणुकीला वाव मिळतो तो या अडचणीच्या क्षणी. ‘चित्रफीत पाहण्यासाठी हे कोडेक उतरवून घ्या’ असा संदेश येतो आणि घाईत बटण दाबले जाते. २००५ च्या सुमारास पसरू लागलेला झ्लॉब हा घातक प्रोग्राम कोडेकचेच सोंग घेऊन संगणकांत शिरत असे. विंडोज प्रणाली परिचित फायलींची शेवटची अक्षरे मुळातच लपवते, त्यामुळे ‘ग्रामसभा.एमपी४.ईएक्सई’ हा प्रोग्राम ‘ग्रामसभा.एमपी४’ अशा साळसूद नावाने समोर येतो. ही अक्षरे दिसतील अशी सोय कार्यालयातील प्रत्येक संगणकावर करून घेणे अगत्याचे आहे. मोबाइलवर चित्रफीत म्हणून आलेली एपीके फाइल तर उघडूच नये.

पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतील विद्यार्थ्यांनी १९९६ साली आरंभिलेल्या प्रकल्पातून व्हीएलसी हा प्लेअर पुढे आला. तो विनामूल्य आहे आणि बहुतेक कोडेक त्यातच अंतर्भूत असल्याने वेगळे काही उतरवावे लागत नाही. मात्र तो व्हिडिओलॅनच्या अधिकृत स्थळावरूनच घ्यावा व अद्ययावत ठेवावा. फाइल कोणत्या पद्धतीची आहे, हेही त्याच्या ‘टूल्स’ यादीतील ‘कोडेक इन्फर्मेशन’मध्ये कळते.

रूपांतराचे दोन प्रकार आहेत. एफएफएमपेगसारख्या साधनाने नुसता डबा बदलला, तर चित्राचा दर्जा तसाच राहतो आणि काम चटकन उरकते. कोडेकच बदलायचा झाल्यास हँडब्रेक हे साधन सोयीचे. पण त्यात वेळ जातो आणि चित्राचा काही तपशील गळतो. दोन्ही कामे आपल्याच संगणकावर करावीत. शाळेतील मुलांचे चित्रण कोणा अनोळखी रूपांतर-संकेतस्थळावर चढवणे हा निव्वळ अविचार होय. अशा काही फुकट स्थळांतून घातक प्रोग्राम पसरतात, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने मार्च २०२५ मध्ये दिला होता.

आता चोरीच्या चित्रणाविषयी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात फाइलीचे हॅश मूल्य नोंदवावयाचे असते. हे मूल्य म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसाच. रूपांतर केलेल्या प्रतीचा ठसा मुळाशी जुळत नाही. म्हणून रूपांतर करावयाचे ते प्रतीचे. मूळ फाइल डीएव्हीसारख्या अपरिचित प्रकारातील असली तरी ती तशीच पोलिसांकडे द्यावी, आणि ती वाचणारा उत्पादकाचा प्लेअर सोबत जोडावा. यात दिरंगाई परवडत नाही, कारण साठवण भरली की डीव्हीआर सर्वसाधारणपणे जुन्या चित्रणावरच नवे चित्रण करू लागतो. त्याचे घड्याळ किती मिनिटे मागे-पुढे आहे, तेही त्याच दिवशी कागदावर टिपून ठेवावे.