फुटपाथवरच्या सहा कुंड्या



फौजेत आम्हाला शिकवायचे, ज्या अडथळ्यावर आपली नजर आणि मारा नाही, तो अडथळाच नव्हे. या वाक्याचा खरा अर्थ मला निवृत्तीनंतर इंदूरच्या एका फुटपाथवर कळला.

आमच्या वसाहतीबाहेर सिमेंटच्या सहा मोठ्या कुंड्या आहेत. पहिल्या वर्षी हौसेनं गुलाब आणि शेवंती लावली. आठवड्यात गुलाब मुळासकट गेले, शेवंती शेळ्यांनी संपवली. उरल्या मातीत गुटख्याच्या पुड्या. मी चिडलो आणि कण्हेर आणली. उन्हाला भीत नाही, पाणी कमी लागतं, जनावर तोंड लावत नाही. तीन महिन्यांत कुंड्या फुलल्या. मी मिशीला पीळ देत फिरू लागलो.

मग एके सकाळी, शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या एका लहानगीच्या तोंडात कण्हेरीचं पान दिसलं. पिपाणी करून वाजवत होती. मी धावलो. पान काढून घेतलं, चूळ भरायला लावली, तिच्या आईला घेऊन दवाखाना गाठला. दिवसभर डॉक्टरांनी लक्ष ठेवलं. सुदैवानं काही झालं नाही.

कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो, हृदयाचे ठोके बिघडवतो. हे मला आधीपासून माहीत होतं, मंडळी. शेळीला अडवणारं विष पोरीला ओळखत नाही, एवढा साधा विचार मी केला नव्हता. चूक माझीच. त्याच संध्याकाळी हातमोजे घालून सगळी कण्हेर उपटली आणि खोल पुरली. ती जाळायची नसते, धूरही घातक असतो.

आता तिथं काय आहे? मधोमध बोगनवेल. काटे आहेत, पण फांद्या छाटून आत ठेवतो, वाटसरूला ओरखडा नको. पाणी जरा कमी पडलं तर उलट जास्त फुलते. भोवती अडुळसा. कडू असल्यानं शेळ्या टाळतात, फांदी मोडली तर पुन्हा फुटतो. चहाच्या टपरीलगतच्या कुंडीत गवती चहा. कापला की पुन्हा वाढतो. सदाफुली सोशिक खरी, पण पोटात गेली तर तीही विषारी, म्हणून वगळली.

कुंडीच्या तळाला भोकं हवीतच. त्यावर विटांचे तुकडे, मग माती, शेणखत आणि थोडी वाळू. मे महिन्यात वर पालापाचोळ्याचं पांघरूण. घरी गच्चीवर कटिंगांची राखीव तुकडी कायम तयार असते. एक रोप गेलं की दुसऱ्या दिवशी तिथं नवं उभं राहतं. चोरणाराही कंटाळतो.

राहिली नजर. टपरीवाला भैया हवा तेवढा गवती चहा धुऊन वापरतो, बदल्यात सगळ्या कुंड्यांना पाणी घालतो. "कर्नल साब, कल रात किसी ने डाल तोड़ दी," अशी खबर सकाळी सहालाच मिळते. पहारा मी बसवला नाही. त्या झाडात त्याचा वाटा आहे, म्हणून तो आपणहून पाहतो.

तुमच्या रस्त्यावर रोप लावण्याआधी तीन प्रश्न विचारा. मोडलं तर पुन्हा फुटेल का? चोरीला गेलं तर परवडेल का? आणि लहान मुलानं तोंडात घातलं तर काय होईल? मी हा तिसरा प्रश्न शेवटी विचारला. तुम्ही पहिला विचारा.

जय हिंद.