पंखाला बळ की पोटात अंडी? मक्यावरच्या पतंगाची गोष्ट

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत कृषी सखीने केलेलं भाषण. बोलल्याप्रमाणेच छापत आहोत.)



मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं होतं, की फवारणीला आठ दिवस होत नाहीत तोच मक्याच्या पोंग्यात परत अळी दिसते, ती येते कुठून? औषधाचं बिल आणि गटाच्या कर्जाचा हप्ता आपण एकाच मक्यातून काढतो. म्हणून आज फक्त यावरच बोलते.

अळीला पंख नसतात, फिरतो तो तिचा पतंग. राखाडी रंगाचा, रात्री उडणारा. ही अमेरिकन लष्करी अळी 2016 साली आफ्रिकेत दिसली, 2018 साली कर्नाटकात आली आणि त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात. वारा साथीला असला तर हा पतंग एका रात्रीत 100 किलोमीटर जातो. म्हणजे संध्याकाळी नाशिकहून निघाला तर सकाळी मालेगावात!

एवढं उडायला बळ कुठून येतं? पतंगाची छाती म्हणजे जवळजवळ सगळे पंख हलवणारे स्नायूच. थंडी असली तर उडण्याआधी तो बसल्या जागी थरथरतो, स्नायू तापवून घेतो आणि मग सुटतो. त्याला जळण लागतं फुलातल्या मधाचं, आणि अळी असताना खाऊन साठवलेल्या चरबीचं.

आता मुद्दा नीट ऐका. मादीच्या अंगात जेवढा साठा आहे तेवढ्यातच तिला दोन खर्च भागवायचे असतात: उडणं आणि अंडी. घरात एकच पगार आणि दोन मोठे खर्च, त्यातली गत. म्हणून लांब उडणाऱ्या बऱ्याच पतंगांच्या माद्या कोवळ्या वयात, मिलनाआधी प्रवास करून घेतात. मिलन झालं, अंडी भरली, की लांबचं उडणं कमी होतं आणि अंगातला साठा अंड्यांकडे वळतो. काही किड्यांमध्ये तर उडायचे स्नायूच विरघळतात. पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाल्या मुंग्या येतात ना, त्यातली राणी जमिनीत शिरली की पंख टाकते आणि कित्येक जातींत स्वतःचे स्नायू जिरवून पहिली पिल्लं पोसते. बायांनो, अंगावरचं काढून लेकराला देणं आपल्याला काही नवीन नाही.

उपाशीपोटाचं काय होतं, तेही बघा. ज्वारी-गव्हावर येणारी जुनी लष्करी अळी आहे ना, या अमेरिकन अळीची चुलत बहीण म्हणा, तिच्या पतंगांवर चीनमध्ये प्रयोग झाले. कोषातून बाहेर आल्यावर पहिला एक दिवस त्यांना साखरेचं पाणी दिलंच नाही, नंतर पोटभर दिलं. तेवढ्या एका दिवसाच्या उपासाने माद्यांचा बेत बदलला. उडण्याची ताकद घटली, अंडी लवकर तयार झाली. प्रवासी होत्या त्या मुक्कामी झाल्या.

कोणी म्हणेल, मग बांधावरची फुलं काढून टाकू, पतंग उपाशी मरतील. तसं करू नका. उपाशी मादी निघून जाईलच असं नाही, ती तिथेच अंडी घालायला बसू शकते. शिवाय त्याच फुलांवर अळीला मारणाऱ्या बारीक मित्र गांधीलमाश्या जगतात.

आता ताईंचा प्रश्न. आपल्या मक्यात मिलन झालेली मादी जवळपासच राहते आणि एकाच रात्री नाही, कित्येक रात्री अंडी घालते. एका पुंजक्यात 100 ते 200 अंडी, वर राखाडी कापसासारखं पांघरूण. आयुष्यात हजाराच्या वर घालते. दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात. तुम्ही फवारलं तेव्हा समोर असलेली अळी मेली, पण काल रात्रीची अंडी तशीच राहिली, आणि आज रात्री ती परत घालणार. वरून बाहेरचे नवे पतंग येणार ते वेगळेच.

म्हणून मका चार-पाच पानांवर असल्यापासून दोन दिवसाआड सकाळी पानं उलटून बघा. पुंजका दिसला की बोटाने चिरडा, दीडशे अळ्या तिथेच संपल्या. याला पैसा लागत नाही, औषधाचा वास डोक्यात जात नाही, आणि निंदायला गेलेल्या बाईला हे सहज जमतं. बारीक अळ्या दिसल्या तर 5 टक्के निंबोळी अर्क, म्हणजे 5 किलो निंबोळीची पूड 100 लिटर पाण्याला. अळी मोठी होऊन पोंग्यात शिरली, की औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही.

एकरी 5 कामगंध सापळे लावा. मघाशी एका मावशींनी विचारलं, सापळ्यात नर अडकले तर माद्या वांझ राहतील ना? नाही मावशी. एक नर वेगवेगळ्या रात्री बऱ्याच माद्यांशी जुळतो, त्यामुळे चार-दोन नर गेल्याने अंडी थांबत नाहीत. आणि पोट भरलेली मादी त्या वासाला येतच नाही. तेवढे सापळे फक्त वर्दी देतात: पतंग आले, उद्यापासून पानं बघायला लागा. रोज सकाळी सापळ्यातले पतंग मोजायचे आणि आकडा गटाच्या वहीत लिहायचा. ल्यूर महिन्याभराने बदलायची, हात लावल्यावर साबणाने धुवायचे.