वर्गातली 'बनगरवाडी'



मी होमिओपॅथीचा डॉक्टर. गेली काही वर्षे शनिवारी सकाळी, दवाखाना उघडण्याआधी, आपल्या बेळगावातल्या एका मराठी शाळेत नववीच्या मुलांबरोबर एक पुस्तक वाचतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घेतली, त्या वर्षाची ही हकिगत.

१९५५ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो, शाळा भरवतो, गावाला हाताशी धरून तालीम उभी करतो. पुढे दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते.

मी फळ्यावर लिहिले : 'तालीम हे एकीचे प्रतीक.' मुलांनी वहीत उतरवून घेतले. एका मुलीने मात्र विचारले, "डॉक्टरकाका, एकी झाली होती, तर मग गाव उठलं कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

दवाखान्यात मी असे कधी करत नाही. रोग्याला तहान किती, झोप कशी, दुखणे कोणत्या वेळी वाढते, हे सारे विचारल्याशिवाय आम्ही औषध ठरवत नाही. इथे मी लक्षणे न विचारताच पुडी बांधून दिली होती.

पुढच्या शनिवारी फळा कोरा ठेवला. तालीम कुठे कुठे येते, तिच्यासाठी कोण राबले, शेवटी कोण उरले, एवढेच मुलांनी टिपायचे. अर्थ नंतर. एकाला ती मास्तरची उमेद वाटली, एकाला गावाचा घाम. तिसरा म्हणाला, माणसांनी बांधलेले उरते, पण माणसे उरत नाहीत. आम्हा जैनांच्या घरात अनेकान्त लहानपणापासून कानावर पडतो : वस्तूला अनेक बाजू असतात. पण म्हणून वाटेल ते खरे होत नाही. प्रत्येकाने आपले पान काढून दाखवायचे, हा आमचा नियम.

शेवटच्या तासाला तीच मुलगी म्हणाली, "आईच्या वेळी इथं नववीच्या दोन तुकड्या होत्या. आता आम्ही अकरा जण. मला ती तालीम आमच्या शाळेसारखी वाटते." मी पान मागितले. तिने शेवटचे प्रकरण काढले. वर्ग गप्प झाला. मी ते फळ्यावर लिहिले नाही.

आपल्या घरी नातवंडे आहेत. त्यांच्याबरोबर ही कादंबरी वाचा. अर्थ आधी सांगू नका. आणि जूनपासून शनिवारी एक तास शाळेत येऊ शकेल, अशा दोघांची मला गरज आहे. सभा संपल्यावर मी दाराशीच उभा असेन.