अंगठ्याची जबाबदारी
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मोबाईल फेकून द्या असं सांगायला मी आलेलो नाही. ते सांगणार ज्यांच्या बापजाद्यांचे छापखाने होते ते. १९२० साली 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देतो म्हटलं तरी 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नाही. आज छापखाना आपल्या खिशात आहे. मात्र मालक बसलाय कॅलिफोर्नियात, आणि त्याला आपल्या क्रांतीशी काडीचं देणंघेणं नाही. आपण पडद्याला जितका वेळ चिकटू, तितक्या त्याच्या जाहिराती खपतात. डोकं फिरलं की माणूस जास्त चिकटतो. म्हणजे आपली आग हा त्याचा माल! हे ध्यानात ठेवा, मग खुशाल भांडा.

राईनपाडा आठवतंय? धुळे जिल्हा, साक्री तालुका. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं सोलापूर जिल्ह्यातनं पोटासाठी तिथवर आली होती. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी करणारी. पोरं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज आधीच मोबाईलवर फिरत होते. जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. पाचही जण गेले. त्या दिवसांत देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघे पोर उचलून नेतात. तो मुळात कराचीतला, मुलांना जपा म्हणून सांगणारा. पोर परत आणून सोडतात तो शेवटचा तुकडाच कुणीतरी कापला होता.

मारणारे दिसले. पण पाठवणारे? त्यांनी कुणावर हात उचलला नाही, नुसता अंगठा हलवला. तोही काळजीपोटी! आणि मेलं कोण? ज्यांना गाव नाही, ज्यांच्या बाजूनं बोलायला गल्लीत कुणी नाही ते. अफवा वाड्याची पायरी चढत नाही, ती पालावर जाते. अफवेला जात बरोबर कळते. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. एका ग्रुपात तेव्हा २५६ माणसं मावत. करा गुणाकार.

आता आपल्या घरातलं बोलतो, राग आला तरी ऐका. कुठं अत्याचार झाला की तासाभरात आपल्याच ग्रुपांवर बाईचा उघडा देह फिरायला लागतो. खाली लिहिलेलं, 'षंढांनो, जागे व्हा.' अरे, तिची विटंबना एकदा त्यांनी केली, आता दहा हजार वेळा आपण करायची? बलात्कारित बाईची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत कैद. कायदा नसता तरी मी हेच म्हणालो असतो.

बाबासाहेबांच्या फोटोखाली कुणाचंही वाक्य चिकटवणारेही आपलेच. महाराष्ट्र सरकार १९७९ पासून त्यांचे खंड काढतंय. खंड आणि पान सांगता येत नसेल तर वाक्य पाठवू नका.

आणि खोटी नावं. राजा ढाल्यांनी १९७२ च्या १५ ऑगस्टला 'साधना'त आग ओकली ती स्वतःच्या नावानं. गावात मालकाच्या रानात आई राबतेय म्हणून एखादा पोरगा नाव लपवतो, त्याला मी भित्रा म्हणणार नाही. पण मुखवटा घालून आपल्याच चळवळीतल्या पोरीला घाण बोलणारा? तो कुठल्याही रंगाचा झेंडा लावो, त्याला दारात उभं करू नका.

मग व्हिडिओ हातात आला तर काय करायचं? ज्यानं काढला त्याला गाठा. मूळ फाईल त्याच्या फोनात तशीच राहू द्या, कापू नका, वर गाणं तर अजिबात लावू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की व्हिडिओ दाबला जातो, कधी काढला ही आतली नोंदही हरवते. तारीख, वेळ, जागा वहीत लिहा. अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद देताना हे सगळं वकिलाला दाखवा. कोर्टात असा पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आणि खटला संपेपर्यंत तो फोन विकू देऊ नका. लागला तर वर्गणी काढून त्या पोराला दुसरा घेऊन द्या.